जनरेटर वर, पंप तळघरात: आपत्ती व्यवस्थापन मंत्र्यांना खुले पत्र

मा. आपत्ती व्यवस्थापन मंत्री,
सप्रेम नमस्कार.

चक्रीवादळाचा इशारा मिळताच आपले खाते माणसांना सुरक्षित जागी हलवते, निवारे उघडते. हे काम मोलाचे आहे. माझी काळजी आहे ती त्यानंतरच्या आठवड्यांची. दवाखाने, बँका, औषधांचे कारखाने, पाणीपुरवठा तेव्हा सुरू राहील का?

२९ ऑक्टोबर २०१२च्या रात्री सँडी वादळाने समुद्राचे पाणी न्यूयॉर्क शहरात घुसले. बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर १३व्या मजल्यावर कोरडे होते. मात्र त्यांना डिझेल पुरवणारे पंप तळघरात होते आणि तळघर बुडाले. जवानांनी जिन्यात रांग लावून डिझेल हातोहात वर चढवले. तरीही अखेर रुग्णालय रिकामे करावेच लागले. तपासणीच्या कागदावर ‘जनरेटर आहे’ अशी खूण झाली की आपण निर्धास्त होतो. इंधन कोणत्या वाटेने येते, हे विचारायचे राहून जाते.

पुरवठ्याचेही तसेच. २०१७ साली मारिया वादळाने पोर्तो रिको बेटावरचे सलाइनचे कारखाने बंद पाडले आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांना सलाइनच्या पिशव्या पुरेनात. २०२४ मध्ये हेलीन वादळाचा पूर नॉर्थ कॅरोलिनातल्या एका कारखान्यात शिरला आणि तीच टंचाई पुन्हा आली. जीवनावश्यक वस्तू मोजक्याच ठिकाणी तयार होत असेल, तर तिथला पूर शेकडो मैलांवरच्या रुग्णालाही गाठतो.

म्हणून मागणी अशी: अत्यावश्यक सेवांना परवाना देताना आपत्तीत सेवा सुरू ठेवण्याचा नुसता लेखी आराखडा घेऊ नका. वर्षातून एकदा, पूर्वसूचना देऊन आणि रुग्णांची काळजी घेऊन, मुख्य वीज खरोखर बंद करा आणि काय काय थांबते ते पाहा. पर्यायी पुरवठादार त्याच पूरक्षेत्रातला असेल, तर तो पर्याय धरू नका.

आपत्तीतही काम सुरू कसे ठेवायचे याचे आयएसओ २२३०१सारखे आंतरराष्ट्रीय मानक लहान उद्योगांना झेपणार नाही. त्यांच्यासाठी एका पानाचा नमुना पुरेल: हिशेबाची प्रत दुसरीकडे कुठे आहे, कामगारांचे फोन नंबर कागदावर आहेत का, मालक अडकला तर सह्या कोण करणार. आणि यंत्रे उंचावर बसवायला कर्ज हवे ते वादळाआधी. नुकसानभरपाई हाती येईपर्यंत ग्राहक दुसरीकडे गेलेले असतात, पगार थकलेले असतात.

पुढच्या वादळी हंगामाआधी हा आदेश निघावा. पहिली चाचणी आपल्याच खात्याच्या नियंत्रण कक्षाची घ्यावी आणि तिचा अहवाल जाहीर करावा.

आपला,
एक लहान उद्योजक