क्रॉस लागतोय

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "चार महिने त्या एका डबीचं काय चाललंय?" आणि मी म्हणून गेले, "राहू द्या बाबा, तुम्हाला नाही कळायचं." फोन ठेवल्यावर आईने बाबांकडे कसं पाहिलं असेल, ते मला इथे बेंगळुरूत बसूनही दिसलं. म्हणून हे पत्र. फोनवर मी पुन्हा घाईच केली असती.

डबी म्हणजे भिंतीवर लावायची वायफायची डबी, आई, तुझ्या मिसळणाच्या डब्यापेक्षाही लहान. तिच्यात दोन अँटेना आहेत, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झचे. दोन कशाला? तर लहरी भिंतींवर, कपाटांवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतात. दोघांनी त्या आपापल्या परीने ऐकल्या, तर त्याच वेळात जवळजवळ दुप्पट माहिती नेता येते. पण दोघे एकमेकांचंच ऐकत बसले, तर दुसरा असून नसल्यासारखा.

या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. दोन अँटेनांमध्ये त्याच्या निम्मं, म्हणजे सव्वासहा सेंटिमीटर अंतर मिळालं असतं तर मी तक्रार केली नसती. मिळाले दोन. पहिल्या मोजणीत दोघांमधला आडोसा ९ डेसिबलचा निघाला. म्हणजे एकात घातलेल्या शक्तीचा साधारण आठवा हिस्सा बाहेर जायच्या ऐवजी शेजाऱ्याच्या पोटात. मला हवे होते २०, म्हणजे शंभरावा हिस्सा.

बाबा, हा तुमचा क्रॉस टॉकच की! ट्रंक कॉलवर भलत्याच माणसांचा कांद्याचा भाव ऐकू यायचा आणि तुम्ही जेवण टाकून सायकल काढायचात, तोच.

आधी मी सोपं ते केलं. एक अँटेना काटकोनात फिरवला. कागदावर हे उत्तम दिसतं, पण ३ डेसिबलच सुधारले. एक सहकारी म्हणाला, मध्ये लहरी शोषणारा तुकडा चिकटव. आकडा झकास आला आणि डबीचा आवाकाच बसला. शेजारचं ऐकू येऊ नये म्हणून स्वतःच मुकं व्हायचं, असला प्रकार. तो तुकडा मी त्याच दिवशी काढून टाकला.

मग एक आठवडा आकडे रोज वेगळे. सकाळी १२, दुपारी १५. शेवटी लक्षात आलं, मोजायला लावलेली केबलच अँटेना झाली होती. मी ती टेबलावर कशी टाकते त्यावर उत्तर बदलत होतं. केबलवर फेराइटचे मणी ओवले, ते केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवतात, तेव्हा कुठे आकडे जागेवर बसले.

आणि तेव्हा कळलं, की मी हवेत चोर शोधत होते आणि तो जमिनीतून जात होता. डबीतल्या सर्किट बोर्डात तांब्याचा एक सलग थर असतो, त्याला आम्हीही ग्राउंडच म्हणतो. डबी एवढीशी असली की निम्मं काम तो थरच करतो: एका अँटेनाचा प्रवाह त्यावरून पसरत दुसऱ्याच्या पायाशी पोचतो. "आधी अर्थिंग बघ," हे मिक्सर बिघडल्यावरही म्हणणारा माणूस घरात असताना मला हे सुचायला अडीच महिने लागले.

दोघांच्या मध्ये त्या तांब्यात चीर पाडली, १७ डेसिबल. पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. पण पूर्ण डबी जुळवली, तर उष्णता पसरवायची ॲल्युमिनियमची पट्टी नेमकी चिरेवर. चीर असून बुजल्यासारखी. परत ११.

शेवटी जी युक्ती लागू पडली, ती बाबा तुम्ही मला पाचवीत असताना लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढून दाखवली होती. खांबांवरच्या टेलिफोनच्या जोडीतल्या दोन तारा ठरावीक खांबांवर आपसात जागा बदलतात. एका टप्प्यात शिरलेला त्रास पुढच्या टप्प्यात उलटा शिरतो आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. आमच्याकडे दोन अँटेनांना मुद्दाम एक बारीक तांब्याची रेघ जोडतात. चोरून जाणारा प्रवाह जेवढा, तेवढाच पण उलटा प्रवाह त्या रेघेतून पाठवायचा. फ्रान्समधल्या नीसच्या संशोधकांनी २००६ साली मोबाइलच्या दोन अँटेनांवर हे करून दाखवलं होतं. लांबी आणि जोडायची जागा जमेपर्यंत माझे अकरा बोर्ड गेले. आता पट्टी लावूनही २१ येतात.

तुमची युक्ती माझ्यापेक्षा चांगली, हेही सांगते. ती सगळ्या आवाजांना चालायची. माझ्या रेघेची लांबी एकाच पट्ट्यापुरती जुळते; २४०० ते २४८३ मेगाहर्ट्झच्या बाहेर गेलं की ती काही कामाची नाही. आणि आता साहेबांना त्याच डबीत ५ गिगाहर्ट्झही हवंय.

आई, घरचा राउटर तू लोखंडी कपाटामागे धूळ बसू नये म्हणून ठेवलायस ना? तो आधी बाहेर काढ. नक्षीचा रुमाल घातलास तरी चालेल.

बाबा, एक विचारायचं राहिलं. एकाच खांबावर दोन-तीन जोड्या असल्या, तर सगळ्या एकाच ठिकाणी पलटायचात की प्रत्येकीचा खांब वेगळा? रविवारी फोन करते. सविस्तर सांगा, मी वही घेऊन बसेन.

तुमची,
मनू