शेडचा कोपरा देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. आभार मानायचे नाहीत असं मात्र आपलं काही ठरलं नव्हतं. समोर बोलायला गेलं की तुम्ही "बास की आता" म्हणून चहा सांगता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. लोक जपून ठेवलेल्या वस्तू माझ्याकडे आणतात. बाळाचे पहिले विणलेले बूट, वहीत ठेवून जाळी झालेलं पिंपळपान, कुणाच्या वडिलांचा लाकडी भोवरा. त्यांच्यावर मी विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर चढवते. वस्तू आत राहते आणि लोकरीचा टाका न टाका धातूत उमटतो. जगात हे नवीन नाही. 1838 साली मॉरिट्झ याकोबी या शास्त्रज्ञाने विजेने तांब्यात हुबेहूब नक्कल उतरवता येते हे जाहीर केलं. पुढे अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस शहरात व्हायोलेट शिनबाक या बाईंनी 1934 मध्ये बाळांचे बूट धातूने मढवून द्यायचा धंदाच सुरू केला. मी हे वाचलं आणि डोक्यातून गेलंच नाही.

सोलापुरात असलं कोण करून घेणार, हा प्रश्न मला घरच्यांसकट प्रत्येकाने विचारला. तुम्ही एकट्यानेच विचारलंत, "बाथ कुठं लावणार?"

काका, तो एकच प्रश्न कामाचा होता. बाकी सगळे गिऱ्हाईक मिळेल का ते बघत होते आणि तुम्ही बाथ, म्हणजे थर चढवायची आम्लाची टाकी, कुठे ठेवायची ते बघत होतात. प्लेटिंग, म्हणजे विजेने धातूचा थर चढवणं, हा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत लाल गटातला उद्योग. टाकी लहान असो की मोठी, संमतीपत्राशिवाय चालवायची नाही, आणि दोन खोल्यांच्या घरात, लेकराबाळांत तर नाहीच नाही. लहान उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी फुकटात आणि घरबसल्या झाली, पण जागेचा प्रश्न तिने सुटत नव्हता. मग अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या तुमच्या शेडचा मागचा कोपरा तुम्ही मोकळा करून दिलात. संमतीपत्रात माझं काम दाखवून घ्यायला स्वतः बरोबर आलात. भाड्याचं विचारलं तर म्हणालात, "आधी काम तर लागू दे. लाइट बिलाचं तेवढं बघ."

आयुष्यभर तुम्ही सायकलचे हँडल आणि पॉवरलूमचे पार्ट निकेल-क्रोम केलेत. तुमच्या धंद्यात चमक म्हणजे सगळं. त्यामुळे तुम्ही मला चकाकी आणायला शिकवाल असं वाटलं होतं. तुम्ही शिकवलंत ते बरोबर उलटं. बाथमध्ये ब्राइटनर आणि लेव्हलर टाकतात ते पृष्ठभागावरचे ओरखडे भरून काढायला. हँडलला ते हवंच असतं. पण आईने विणलेल्या बुटावर तेच लेव्हलर टाके भरून टाकतं. पहिला बूट तुम्ही भिंगाखाली धरलात आणि म्हणालात, "चकचकीत करायच्या नादात टाका बुजतोय बघ. हे औषध निम्म्याहून कमी कर. पॉलिश हाताने करू, उंच भागावरच." आज माझ्याकडचा बूट बघून लोक त्यावरून बोट फिरवतात आणि उलटा टाका कुठला, सुलटा कुठला ते सांगतात. पन्नाशीच्या पुढच्या बायका तर हमखास. ते सगळं तुमच्या त्या वाक्यामुळे.

केमिस्ट्रीत बीएस्सी केलं म्हणून फॅरेडेचे नियम मला पाठ होते. 1 अँपिअर करंट 1 तास चालला की साधारण 1.19 ग्रॅम तांबं बसतं, हे गणित मी कागदावर मांडून आणलं होतं. तुम्ही तो कागद शांतपणे वाचलात, बाजूला ठेवलात आणि मला बूट हातात घ्यायला सांगितलंत. विणलेला बूट म्हणजे सगळी भोकं. आधी त्याला लॅकरचे हात देऊन कडक करायचं, आत कुठे द्राव साठून राहू नये म्हणून तळाला बारीक छिद्र ठेवायचं, मग वीज वाहून नेणारा ग्रॅफाइटचा रंग द्यायचा. तार कुठे लावायची तेही ठरवायचं, कारण तारेची खूण राहते. मल्टिमीटरने या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासून झालं की मगच टाकीत. सुरुवातीला करंट अगदी कमी. तारेपाशी गुलाबी तांबं दिसायला लागतं आणि हळूहळू काळ्या रंगावरून पुढे सरकतं. पूर्ण बूट गुलाबी झाल्याशिवाय तुम्ही मला करंट देणाऱ्या रेक्टिफायरच्या नॉबला हात लावू दिला नाहीत. त्यानंतरही दर चौरस डेसिमीटरला 1 अँपिअरच्या आसपास. म्हणजे तासाला 13 मायक्रॉन, आणि हातात भक्कम लागेल असा 100 मायक्रॉनचा थर यायला साडेसात तास.

आणि ते साडेसात तास सोलापूरच्या उन्हाळ्यात रात्रीचेच. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. चकाकीचं औषध थोडं का होईना बाथमध्ये असतंच आणि द्राव तापला की ते भराभर संपतं. "दिवसा कशाला जीव जाळतीस? रात्र आपलीच हाय की," म्हणून तुम्ही वेळ बदलून दिलीत, आणि माझ्यासाठी शेड उघडी ठेवून स्वतः बाहेर बाजेवर बसून राहिलात. एकटी बाई रात्री एमआयडीसीत काम करणार, याचा विचार मी बोलायच्या आधी तुम्ही केला होता. काकूंनी डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही द्यायला सुरुवात केली ती तेव्हापासून. वीज गेली तर पहिला पातळ थर आम्लात परत विरघळू शकतो, म्हणून तुमच्या घरचा इन्व्हर्टर शेडमध्ये आला. त्या उन्हाळ्यात काकूंनी पंख्याविना किती रात्री काढल्या असतील. त्यांचे आभार या पत्रात वेगळे मानते.

पाण्याचं तर लिहायलाच हवं. आपल्याकडे नळाला पाणी येतं ते काही दिवसांआड, आणि बोअरचं पाणी जड. तांब्याच्या या बाथला क्लोराइड लागतं ते लिटरमागे थोडेच मिलिग्रॅम. बोअरच्या पाण्याने ते कुठल्या कुठे वाढतं आणि थर मळकट येतो. बाथ बनवायला शुद्ध केलेलंच पाणी, टाकीतली घट भरून काढायलाही तेच, हा नियम तुम्ही घालून दिलात. बाथ ज्याचा बनतो त्या मोरचूदचंही तसंच. द्राक्षबागांना बोर्डो मिश्रण फवारतात म्हणून आपल्या जिल्ह्यात मोरचूद कुठल्याही कृषी केंद्रात मिळतं. स्वस्तही असतं. "ते द्राक्षाला ठीक आहे, त्यात लोखंड असतंय," म्हणून तुम्ही प्लेटिंगसाठी शुद्ध केलेलं मोरचूद कुठे मिळतं तो पत्ता दिलात आणि पहिलं पोतं तुमच्या खात्यावर उचललंत.

आता त्या दोन वस्तूंबद्दल लिहिते, कारण माझा धंदा कसा चालावा हे खरं तर त्या दोघींनी ठरवलं.

संक्रांतीनंतर, गड्ड्याची यात्रा चालू असताना, एक आई हलव्याचे दागिने घेऊन आली. बाळाच्या बोरन्हाणातले, मुकुट आणि हार. कायमचे करून द्या म्हणाली. तिने आगाऊ पैसेही काढले होते. तुम्ही तिच्याशी बसून बोललात. हलवा म्हणजे साखर. लॅकरमध्ये सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी द्राव आत जाणार, आतली साखर विरघळणार आणि हातात येणार ती पोकळ चिपाडं. आणि ही वस्तू परत मिळायची नाही. ती म्हणाली, प्रयत्न तर करून बघा. तुम्ही म्हणालात, "ताई, हँडल बिघडलं तर मी दुसरं देतो. हे बिघडलं तर कुठनं आणू?" मग त्यातला हार हवाबंद काचेच्या पेटीत, आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवून जपायचा सल्ला दिलात आणि पेटी करणाऱ्याचा पत्ताही. काम गेलं. पण तिने नंतर बाळाचे बूट आणले, तिच्या नणंदेने आणले, आणि दोघींनी सांगून पुढे किती जणी आल्या.

तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला मी आधी सांगते की मढवलेली वस्तू पुन्हा उघडी होत नाही. लोकरीचा रंग जाईल, मऊपणा जाईल, बाळाचा वास जाईल. तो हवा असेल तर देऊ नका, घरीच ठेवा. काही जण तसेच परत जातात, आणि ते मला बरं वाटतं. जोडीतला एकच बूट मढवा आणि दुसरा तसाच ठेवा, हेही मी सुचवते.

दुसरी वस्तू म्हणजे तो धोटा, मागावर आडवा धागा नेतो तो. पूर्व भागातल्या एका सूनबाईंनी आणला होता. सासऱ्यांनी हातमागावर उभं आयुष्य काढलं, त्यांचा. लाकूड तेलाने आणि घामाने काळपट झालेलं, दोन्ही टोकांना लोखंड, एका बाजूला अंगठा बसून बसून पडलेला खोलगट झिजवा. तुमचंही घर विणकराचं. तुम्ही तो धोटा हातात घेतलात, अंगठा त्या जागी ठेवलात आणि बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "अर्धा मढव. अंगठ्याची बाजू लाकडाचीच राहू दे."

त्या धोट्याने आपल्याला बराच काळ कामाला लावलं. तेलकट लाकडावर लॅकर धरत नाही म्हणून ते पुसून, सुकवून, पुन्हा पुसून घ्यावं लागलं. लोखंडाचं टोक तसंच बुडवलं असतं तर वीज न लावताही त्यावर तांबं बसलं असतं, आणि तेही नखाने निघेल असं. म्हणून ते टोक मेणाने झाकलं. ग्रॅफाइटच्या रंगाची रेघ कुठे थांबवायची यावर तुम्ही पेन्सिलने तीनदा खूण केलीत आणि तीनदा पुसलीत. शेवटी लाकडातून तांबं सुरू होतं ती रेघ इतकी सरळ आली की सूनबाई ती बघतच राहिल्या. त्यांनी धोटा सासऱ्यांच्या फोटोखाली ठेवलाय. येणारा-जाणारा अंगठा ठेवून बघतो, असं त्यांचा फोनवर निरोप आला. तो निरोप मी तुम्हाला लगेच सांगितला होता, पण तेव्हा तुमच्या शेडमध्ये ग्राइंडर चालू होता. नीट ऐकू गेला की नाही कोण जाणे, म्हणून परत लिहिते.

चांदीचा मुलामा मागणारे पुष्कळ येतात. चांदीचे बरेच बाथ सायनाइडचे असतात, आणि त्याबद्दल तुम्ही मला एका वाक्यात नाही म्हणून सांगितलंत. ते काम ज्यांच्याकडे परवाना आणि तशी सोय आहे त्यांच्याकडेच जातं, मी माझ्या कोपऱ्यात आणत नाही. अंगावर घालायच्या लॉकेटला निकेल लावायचं नाही हेही तुमचंच. निकेलने कित्येकांच्या कातडीला पुरळ येतं, आणि माझं निम्मं गिऱ्हाईक तान्ह्या बाळाच्या आया आहेत. धुण्याचं पाणी ड्रममध्ये साठवून, चुन्याने आम्ल मारून, खाली बसलेला निळा गाळ वेगळा काढून अधिकृत केंद्राकडे पाठवायचा, हे काम तुम्ही कधी टाळलेलं मी बघितलं नाही. शेजारच्या गटारीत ओतून दिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. तुम्ही प्रत्येक वेळी लिटमस लावून बघता, अजूनही.

काका, आता हा धंदा माझं घर चालवतो. मुलीची फी त्यातून जाते. गेल्या महिन्यापासून एक मुलगी हाताखाली आली आहे, ती मल्टिमीटर धरायला शिकतेय. मी तिला शिकवताना तुमच्याच शब्दांत शिकवते, "की" सकट.

तुम्ही भाडं घेत नाही, आणि मीही आता ऐकणार नाही. या महिन्यापासून ते काकूंच्या खात्यात जमा होईल. त्यांच्याशी बोलून झालंय, त्यांनी होकार दिलाय, तुम्ही मध्ये पडायचं नाही. इन्व्हर्टरही नवा घेतलाय. तुमचा शनिवारी घरी पोचेल.

खंडेनवमीला नव्या टाकीची आणि रेक्टिफायरची पूजा आहे. ती तुमच्या हातूनच व्हायची. सकाळी नऊला रिक्षा दारात येईल, काकूंना घेऊन या. दुपारचं जेवण आमच्याकडेच.

तुमची,
मागच्या कोपऱ्यातली