सोन्या बोक्याच्या डॉक्टरबाईंना आभाराचे पत्र

शहापूर, बेळगाव

आदरणीय डॉक्टरबाई,
सादर नमस्कार.

गेल्या श्रावणात भर पावसात मी आमच्या सोन्याला टोपलीत घालून आपल्या दारी आणले, तेव्हा तो रात्रभर वाळूच्या ट्रेमध्ये कुंथत होता आणि लघवीचा थेंबही पडत नव्हता. पोट साफ होत नसेल, सकाळी एरंडेल द्यावे, असे घरात ठरत होते. आपण लगेच नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी केलीत. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो, तो पुरता बंद झाला तर रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयावर ताण येतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, हे मला तेव्हा कळले.

त्या रात्रीइतकेच ऋण दुसऱ्या दिवशीच्या अर्ध्या तासाचे आहे. त्याआधी वर्षभरात तीनदा सोन्याच्या लघवीत रक्त आले होते. दर वेळी दुसऱ्या एका दवाखान्यातून अँटिबायोटिक मिळे, आठवड्यात तो बरा होई आणि आम्ही गुण गोळ्यांना देत असू. आपण तपासण्या करून दाखवलेत की जंतू नाहीत, खडाही नाही. तरुण मांजरांत बहुधा नेमके कारण न सापडणारी मूत्राशयाची सूज असते, तिच्यामागे ताणाचा मोठा वाटा असतो आणि ती पुष्कळदा पाच-सात दिवसांत आपोआप ओसरते. मग आपण विचारलेत, "घरातला यंत्रमाग कुठे आहे?" ट्रे मागाच्या खोलीला लागूनच होता. वीज आली की एकदम खडखडाट सुरू होई आणि सोन्या लघवी न करताच पळे. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणाच्याही हे ध्यानात आले नव्हते.

आता दोन मांजरांसाठी तीन ट्रे शांत कोपऱ्यांत आहेत, पाण्याची भांडी जेवणापासून दूर ठेवली आहेत आणि लघवी पातळ राहावी म्हणून कोरड्या खाण्याऐवजी मीठ-कांदा न घातलेले कोंबडीचे मांस त्याच्या पाण्यासकट आणि ओले तयार खाणे देतो. आपली मायबोली कन्नड. तरी सासूबाईंना पटेपर्यंत हे सारे आपण मराठीतून पुन्हा पुन्हा सांगितलेत, आणि माणसाची पॅरासिटामॉल मांजराला विषासारखी असते, हेही बजावलेत.

हा त्रास पुन्हा उद्भवू शकतो, असे आपण स्पष्ट सांगितले होते. गणपतीतल्या फटाक्यांनंतर लघवीत पुन्हा रक्त दिसले, पण लघवी होत आहे हे आधी पाहायचे, एवढे आम्हाला ठाऊक होते, म्हणून धीर सुटला नाही. सोमवारी त्याला वजनासाठी घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
सोन्याच्या घरची सून