शब्बाथ, बैल आणि आमचं पार्किंग

ठाणे (पश्चिम)

प्रिय सुहास,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

धाकट्याला कुत्रं चावल्याचं वाचून काळजी वाटली. रेबीजची इंजेक्शनं दिलेल्या तारखांनाच पूर्ण कर. जखम भरली म्हणून मध्येच सोडू नकोस. या प्रसंगानंतर "माणसं सोडून कुत्र्यांच्या नादी कसला लागलास?" असं तू विचारलंस, तर त्यात वावगं काही नाही. पण उत्तर देतोच.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 13 वा अध्याय काढ. 18 वर्षं कंबरेत वाकलेल्या बाईला येशू शब्बाथाला, म्हणजे ज्यूंच्या काम वर्ज्य असलेल्या विश्रांतीच्या दिवशी, बरं करतो आणि सभास्थानाचा अधिकारी भडकतो. येशू विचारतो, शब्बाथाला तुम्ही आपला बैल, आपलं गाढव सोडून पाण्यावर नेता ना? बैलाला पाणी पाजावं की नाही, हा तिथे वादच नाही. ते सगळ्यांना मान्यच आहे, आणि त्याच्याच जोरावर तो त्या बाईची बाजू लढवतो. तू माणूस विरुद्ध जनावर असा सामना लावतोस, तो तिथे कुठे आहे?

आमच्याकडे बैल नाहीत. पार्किंगमध्ये गाड्यांखाली पडून असणारी काळी नावाची भटकी कुत्री आहे. कानाला खाच, म्हणजे ऑपरेशन झालेली. 2023 च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस झाली की कुत्रं उचललं तिथेच आणून सोडायचं, तरी सोसायटीच्या दर मीटिंगला "हिला न्या इथून" हा विषय निघतोच. मे महिन्यात तिच्या मानेच्या जखमेत अळ्या पडल्या. रविवारी सकाळी शेजारच्या आजी मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, निघालेल्या, तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चला. त्यांनी काठाच्या साडीचा पदर खोचला, खाली बसल्या आणि चिमट्याने एकेक अळी काढून झाकणात टाकू लागल्या. मी काळीचं तोंड धरून होतो. काळी गुरगुरायची, की आजीही तिच्यावर तितक्याच गुरगुरायच्या. "मिस्सा चुकेल," मी म्हणालो. "संध्याकाळी आहे की," एवढंच बोलल्या. ना प्रार्थना, ना भूतदयेवर प्रवचन. 4 ऑक्टोबरला संत फ्रान्सिसच्या सणाला लोक पाळीव कुत्र्यांना चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देववतात, फोटो काढतात. असू दे, चांगलंच आहे. मला मात्र ते झाकण जास्त पटलं.

एक वचन अजून टोचतं. मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नको, ही जुन्या करारातली मोशेची आज्ञा घेऊन प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्रात विचारतो, देवाला बैलांची काळजी आहे काय? म्हणजे आज्ञा माणसांसाठीच, असा त्याचा रोख. त्याला सुवार्ता सांगणाऱ्यांच्या पोटापाण्याचं बोलायचं होतं, कबूल. पण मूळ आज्ञेत बैल म्हणजे बैलच. बायबलमधलं योना संदेष्ट्याचं पुस्तक तर संपतंच गुराढोरांवर: निनवे शहरात 1,20,000 हून अधिक अजाण माणसं, आणि पुष्कळ गुरं. त्यांची कीव देवाला येते, संदेष्ट्याला येत नाही! तुझे आजोबा खळ्यावर बैलांना मुसकं घालू देत नसत, आठवतं? "खाऊ दे, त्याच्याच कष्टाचं आहे," म्हणायचे. पौलाशी त्यांचं जमलं असतं का, तुमच्या पाळकसाहेबांना विचारून कळव.

वहिनींना सलाम, धाकट्याला पापा.

तुझा,
दिलीप