टीईटीनंतरचा दावा पालकांनी करावा

सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण व्हावे, हा सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल मला पटतो. वीस-वीस वर्षे शिकवलेल्या गुरुजींचा संताप समजतो, पण पहिलीतल्या पोराचे वर्ष परत येत नाही.

तरी एका परीक्षेने शाळा सुधारेल असे मला वाटत नाही. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर मूल घरून पावरी नाहीतर भिली बोलत येते. वर्गात पुस्तकी मराठी! गुरुजी टीईटीत पहिले आले तरी मुलाचे म्हणणे त्यांना कळले नाही तर काय उपयोग? शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम २९ शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवायला सांगते. कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे देऊ नका म्हणते. या दोन कलमांसाठी कोर्टात कोण जाणार? शिक्षक संघटना बदली-वेतनासाठी जातात, पालक जातच नाहीत. धडगावहून उच्च न्यायालयाचे खंडपीठ गाठायचे तर छत्रपती संभाजीनगर. मजुरी बुडवून कोण जाईल?

अनुसूचित जमातींना, स्त्रियांना आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे पालक ज्यात बसतात त्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कुणी सांगत नाही. नंदुरबार, धुळे, जळगावच्या प्राधिकरणांनी या बैठकांना एक वकील पाठवावा, एवढीच विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, शहादा (जि. नंदुरबार)