कंपवाताची जनुके आणि मेंदूची उत्तेजनक्षमता

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कंपवातावरील (पार्किन्सनच्या आजारावरील) बातम्यांत 'आनुवंशिक कंपवात' हा जणू एकच प्रकार असल्याप्रमाणे लिहिले जाते आणि उरलेले रुग्ण 'कारण अज्ञात' या गटात टाकले जातात. मेंदूची उत्तेजनक्षमता, म्हणजे बाहेरून दिलेल्या स्पंदाला तो किती सहज प्रतिसाद देतो हे, मोजणाऱ्या संशोधनातून मात्र ही विभागणी फारच ढोबळ असल्याचे दिसते.

डोक्यावर धरलेल्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंद सोडून हाताचा स्नायू हलवता येतो, हे १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले. पुढे आधी क्षीण आणि दोन-तीन मिलिसेकंदांनी जोरदार, असे जोडस्पंद देण्याची पद्धत रुळली. निरोगी मेंदूत पहिला स्पंद दुसऱ्याचा परिणाम दाबतो; जनुकीय कारण न सापडलेल्या कंपवातात हा अवरोध अनेकदा दुबळा आढळतो. जनुकदोष असलेल्या प्रत्येक रुग्णाला हा निष्कर्ष सरसकट लावता येत नाही. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलेल्या पार्किन जनुकातील दोषामुळे आजार बहुधा चाळिशीच्या आत सुरू होतो, सावकाश वाढतो आणि मेंदूत 'लेवी पिंडे' (कंपवातात चेतापेशींत साचणारे प्रथिनांचे गोळे) बरेचदा सापडत नाहीत; एलआरआरके-२ या दुसऱ्या जनुकातील दोषामुळे होणारा आजार मात्र बहुतांशी उतारवयातील नेहमीच्या कंपवातासारखाच असतो. पार्किनचा दोष असूनही लक्षणे नसलेल्या व्यक्तींतही, हाताकडून येणाऱ्या संवेदनेची हालचालीच्या केंद्राशी पडणारी सांगड वेगळी असल्याची नोंद आहे, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

अर्थात अशा अभ्यासांतील रुग्ण मोजके असतात, लेवोडोपा हे कंपवाताचे नेहमीचे औषध घेतल्यावर मोजमाप बदलते, आणि ही चाचणी निदानासाठी नाही. (तशी जाहिरात कोणी केल्यास वाचकांनी सावध राहावे.)

आपल्याकडचा प्रश्न आणखी वेगळा आहे. एलआरआरके-२ मधील जी२०१९एस हा दोष उत्तर आफ्रिकेत आणि अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपीय वंशाच्या) ज्यूंमध्ये बराच आढळतो, भारतात क्वचितच. त्यामुळे तिथल्या रुग्णांवरून काढलेले निष्कर्ष इथे तसेच उचलता येत नाहीत. मुंबईतील पारशी वसाहतींच्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कंपवाताचे प्रमाण लाखामागे सुमारे ३२८ आढळले होते. अशा समाजात जनुक तपासणी आणि उत्तेजनक्षमतेचे मोजमाप एकाच रुग्णाचे व्हायला हवे. आपल्या वार्ताहरांनीही कंपवातावरील नव्या उपचाराची बातमी देताना चाचणीतील रुग्णांची जनुक तपासणी झाली होती का आणि मोजमाप औषध घेतलेल्या अवस्थेत केले होते का, एवढे विचारून छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे