अप्पा, रात्री गाडीत मी काय ऐकते

जॅक्सन हाइट्स, न्यूयॉर्क
जानेवारी, रविवार दुपार

ती. अप्पा आणि आईस, सा. नमस्कार,

परवा फोनवर अप्पांनी विचारलं की मध्यरात्री एकटी गाडी चालवतेस, झोप नाही का येत, आणि मी म्हटलं रेडिओ असतो की सोबतीला, तर अप्पा म्हणाले कसला रेडिओ, गाणी का, आणि तेवढ्यात माझा ब्रेक संपला. तेव्हापासून डोक्यात आहे की हे नीट सांगायचं. फोनवर सांगून होणार नाही म्हणून लिहीतेय, आई तू चष्मा लावून अप्पांना वाचून दाखव, मोबाईलवर त्यांना बारीक दिसतं.

गाणी नाही अप्पा. स्पोर्ट्सच्या गप्पा. दिवसाचे चोवीस तास नुसत्या खेळाच्या गप्पा मारणारं स्टेशन आहे इथं, डब्ल्यूएफएएन नाव, लोक नुसतं 'द फॅन' म्हणतात. 660 एएम, म्हणजे आपल्या मिडियम वेव्हवरचा 660 नंबर. लॅबमधून बारा वाजता सुटते, लाँग आयलंडहून घरी यायला पाऊण तास लागतो, आणि तो पाऊण तास मी आपल्या कोल्हापूरच्या मिरजकर तिकटीला चहाच्या गाड्यापाशी उभी असते असं समजा. खरंच तसंच. फुटबॉलची मॅच संपल्यावर शाहू स्टेडियमवरनं लोक बाहेर पडले की तिथं जे सुरू होतं ना, त्यानं पासच चुकीचा दिला, अमक्याला बसवायला पाहिजे होतं, रेफ्रीनं काय केलं, तेच सगळं, फक्त इंग्लिशमधे आणि बेसबॉलबद्दल. नोव्हेंबर ते मार्च बेसबॉल नसतं तरी थांबत नाहीत, कुणाला विकत घ्यायचं, कुणाला सोडायचं याच्यावर रात्र रात्र चालू.

मी 2016 ला आले तेव्हा मला बेसबॉल ओ का ठो कळत नव्हतं. पण लॅबमधे माझ्या बेंचच्या शेजारी जे सीनियर आहेत, जन्मापासून क्वीन्सचे, मेट्सचे कट्टर, ते म्हणाले हे ऐक, सहा महिन्यात हे शहर कळेल तुला. तुम्हाला पेठांमधलं सांगायला नको म्हणून सोप्पं करून सांगते, मेट्स म्हणजे न्यूयॉर्कच्या आमच्या क्वीन्स भागाची बेसबॉल टीम आणि यँकीज ब्राँक्स भागाची, आणि दोघांचं वैर आपल्या मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठेसारखं आहे. बास, त्या दिवशी मला अर्धी अमेरिका कळली.

आता ह्या स्टेशनचा इतिहास ऐका, तुम्हाला आवडेल. 1 जुलै 1987, दुपारी 3 वाजता सुरू झालं, तेव्हा 1050 नंबरवर होतं. त्याच्या आधी त्या जागी डब्ल्यूएचएन म्हणून स्टेशन होतं, कंट्री म्युझिक लावायचं, म्हणजे इकडची गावाकडची गाणी, आणि मेट्सची कॉमेंट्रीही त्याच्याकडेच होती. मेट्स 1986 ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची सगळ्यात मोठी फायनल, जिंकलेले, सगळं शहर खुळं झालेलं. मालक कंपनी एमिस, तिचा प्रमुख जेफ स्मुलियन, त्यानं ठरवलं की गाणी बंद, चोवीस तास खेळ. लोक म्हणाले याचं डोकं फिरलंय, पहाटे तीन वाजता कोण ऐकणार आहे खेळाच्या गप्पा? आणि पहिल्या वर्षी पैसे बुडतच होते.

मग 1988 मधे एमिसनं एनबीसी कंपनीची रेडिओ स्टेशनं विकत घेतली, त्यात डब्ल्यूएनबीसी आलं, त्याची जागा 660. 7 ऑक्टोबर 1988 ला फॅन तिकडं हललं. ही जागा म्हणजे सोनं होतं अप्पा, 50 हजार वॉटचा ट्रान्समीटर, ब्राँक्सच्या टोकाला हाय आयलंड म्हणून छोटं बेट आहे तिथं टॉवर. तुम्ही सांगायचात ना की रात्री मिडियम वेव्हवर लांबलांबची स्टेशनं लागतात आणि दिवसा सांगलीशिवाय काही नाही, तेच इथं, रात्री आकाशातल्या वरच्या थरावरनं लाटा परत खाली येतात आणि शेकडो मैलांवर दुसऱ्या राज्यात माणूस गाडीत बसून क्वीन्सच्या माणसाचं भांडण ऐकतो. डब्ल्यूएनबीसीबरोबर डॉन आयमस नावाचा सकाळचा होस्टही आला, त्याला ऐकणारे भरपूर होते, त्याच्यामुळं स्टेशन तगलं. (तोच आयमस 2007 च्या एप्रिलमधे कॉलेजच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींबद्दल, त्यातल्या बहुतेक काळ्या, इतकं घाण बोलला की त्याला काढलं. बरं केलं. माणूस कितीही मोठा असला तरी.)

पण खरं स्टेशन उभं केलं ते दुपारच्या दोघांनी, माइक फ्रान्सेसा आणि ख्रिस रुसो, 'माइक अँड द मॅड डॉग'. सप्टेंबर 1989 ला दोघांना एकत्र बसवलं आणि 2008 च्या ऑगस्टपर्यंत बसले, जवळजवळ 19 वर्षं. एक यँकीजवाला, सगळं माहिती असल्यासारखा सावकाश बोलणारा, दुसरा उंच आवाजात भराभर बोलणारा, अर्धे शब्द गिळणारा, आणि तो तर चक्क सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमचा फॅन! न्यूयॉर्कच्या रेडिओवर! त्यांचं एकमेकांशी वाजायचं पण, कधीकधी खरोखरचं, पण दुपार झाली की परत समोरासमोर माइक घेऊन बसायचे. मी आले तेव्हा जोडी फुटून आठ वर्षं झालेली, जुनी रेकॉर्डिंग ऐकलीत फक्त. आज अमेरिकेत असली शेकडो स्टेशनं आहेत, प्रत्येक शहरात, आणि दोघांनी समोरासमोर बसून वाद घालायचा, मधे लोकांचे फोन घ्यायचे, ही जी पद्धत आहे ती बऱ्याच जणांनी ह्या दोघांचं ऐकून उचलली. 1992 ला स्टेशन विकलं गेलं तेव्हा किंमत लागली 7 कोटी डॉलर, ज्याला पाच वर्षांपूर्वी खुळ्यांचं काम म्हणत होते.

आणि स्टुडिओ कुठं होता माहितीये? अस्टोरियात, आमच्या घरापासून बसनं जाता येतं, सिनेमाच्या जुन्या स्टुडिओच्या तळघरात. 2009 ला मॅनहॅटनला हलवला. मी एका सुट्टीच्या दिवशी ती बिल्डिंग नुसती बघायला गेले होते, बाहेरनंच. कुणी विचारलं असतं इथं काय करतेस तर काय सांगितलं असतं मला माहिती नाही.

आमचे सीनियर एका बाईची गोष्ट नेहमी सांगतात. रेगो पार्कला राहायची, आमच्यापासून सबवेची चार स्टेशनं. रात्री एकच्या सुमाराला फोन करायची, मेट्सबद्दल, आणि तिचा अभ्यास इतका की होस्ट गप्प बसून ऐकायचे. कोण खेळाडू, कुठल्या वर्षी, काय केलं, सगळं तोंडावर. 2003 मधे ती गेली तेव्हा तिच्यावर पेपरमधे बातमी आली. अप्पा, ती काही प्लेअर नव्हती, कुठल्या पदावर नव्हती, रात्री जागून रेडिओला फोन करणारी एक बाई. मी घरी येताना तोच भाग लागतो, आणि एक वाजत आलेला असतो, आणि मला दर वेळी तिची आठवण येते जिला मी कधी ऐकलंसुद्धा नाही.

आपल्याकडं रेडिओ म्हणजे तो बोलणार आणि आपण ऐकणार. बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री तुम्ही कशी ऐकायचात ते तुम्ही किती वेळा सांगितलंय, कानाला ट्रान्झिस्टर, कुणी मधे बोलायचं नाही. इथं उलटं आहे, इथं ऐकणाराच निम्मा कार्यक्रम करतो. प्लंबर फोन करतो, ट्रकवाला करतो, शाळेतला पोरगा करतो, आणि सगळ्यांची सुरुवात ठरलेली, पहिल्यांदाच फोन करतोय, पण ऐकतोय खूप वर्षं. हे वाक्य ऐकलं की मला का कोण जाणे भरून येतं. कितीतरी वर्षं माणूस गप्प बसून ऐकत होता आणि आज त्याला राहवलं नाही. स्टीव्ह सोमर्स म्हणून होस्ट होता, सुरुवातीपासूनचा, 1987 ला रात्रभराची ड्यूटी त्याचीच, तो फोन करणाऱ्याशी असा बोलायचा की जसा काही तो त्याच्याच घरी आलाय. माझ्या पहिल्या पाच वर्षांच्या रात्री त्यानं काढल्यात, 2021 ला रिटायर झाला. तेव्हा मी गाडी बाजूला लावून ऐकलं.

आता आई, हे तुझ्यासाठी. त्या 1 जुलैला, पहिल्या दिवशी, ह्या स्टेशनवर पहिला आवाज कुणाचा होता? बाईचा. सुझिन वॉल्डमन. आधी ब्रॉडवेवर म्युझिकल नाटकात काम करायची, आणि मग पुरुषांच्या ह्या धंद्यात शिरली. लोकांनी फार छळलं तिला, जिवे मारायच्या धमक्या आल्या. एकदा टोरंटोच्या टीमच्या लॉकर रूममधे तिला इतकं घालूनपाडून बोलले की ती डोळ्यात पाणी घेऊन निघाली, तेव्हा त्याच टीमच्या जॉर्ज बेलनं तिला हाक मारून थांबवलं आणि सगळ्यांसमोर तिच्या प्रश्नांना उत्तरं दिली. ती टिकली. पुढं यँकीजच्या रेडिओ कॉमेंट्रीला बसली, आणि 2022 मधे रेडिओच्या हॉल ऑफ फेममधे गेली.

आणि तिची एक गोष्ट आहे जी खरं तर मला अप्पांना सांगायची होती, म्हणूनच एवढं लिहीत आले.

योगी बेरा म्हणून यँकीजचा फार मोठा खेळाडू, पुढं त्यांचा मॅनेजर झाला, म्हणजे आपल्याकडचा कोच. 1985 मधे सीझनच्या फक्त 16 मॅच झाल्या होत्या आणि मालक जॉर्ज स्टाइनब्रेनरनं त्याला काढून टाकलं. काढलं ते काढलं, पण स्वतः सांगायला आला नाही, दुसऱ्या माणसाकरवी निरोप पाठवला. योगीला नोकरी गेल्याचं नाही लागलं, हे लागलं. म्हणाला हा माणूस मालक असेपर्यंत मी स्टेडियमची पायरी चढणार नाही. आणि 14 वर्षं नाही चढला. सत्कार असो, जुन्या खेळाडूंचा दिवस असो, नाही म्हणजे नाही. दोघंही म्हातारे होत चालले, दोघंही अडून. मग वॉल्डमननं मनावर घेतलं, दोन्हीकडं बोलत राहिली, आणि जानेवारी 1999 ला स्टाइनब्रेनर स्वतः न्यू जर्सीला योगीच्या म्युझियममधे गेला आणि त्याची माफी मागितली. त्याच ठिकाणाहून वॉल्डमननं दोघांना ह्याच फॅनवर बोलतं केलं. लोकांनी गाडीत, दुकानात, घरात ऐकलं. त्याच वर्षी 18 जुलैला स्टेडियमवर योगीचा दिवस साजरा झाला, आणि त्या दिवशी डेव्हिड कोन नावाच्या बोलरनं (इथं पिचर म्हणतात) समोरच्या टीमचे 27 च्या 27 बॅट्समन एकालाही बेसवर पोचू न देता आउट केले. असं बेसबॉलच्या सगळ्या इतिहासात अगदी मोजक्या वेळा झालंय. योगी समोर बसून बघत होता. 14 वर्षं रुसून बसला नसता तर अजून काय काय बघितलं असतं त्यानं.

अप्पा, रागावू नका. सदाकाका आणि तुम्ही त्या फायनलनंतर बोलत नाही याला यंदा अकरा वर्षं होतील. गोल ऑफसाइड होता की नव्हता याच्यावरनं. मला माहितीये नुसता गोल नव्हता, ते चारचौघात तुम्हाला जे बोलले ते लागलं. पण मी लहान असताना तुमच्या दोघांच्या मधे बसून मॅच बघितलीय, डाव्या बाजूनं तुमच्या शिव्या आणि उजव्या बाजूनं काकांच्या, आणि माझ्या हातात भडंगाची पुडी. त्या गोंगाटात मी खेळ बघायला शिकले. इथं मध्यरात्री रस्त्यावर दोन अनोळखी माणसं रेडिओवर भांडताना ऐकली की मला घरी असल्यासारखं वाटतं ते त्यामुळं.

स्टेशनचं पुढचं थोडक्यात सांगते. 2012 च्या नोव्हेंबरपासून 101.9 एफएमवरही लागतं. मेट्सची कॉमेंट्री 1987 पासून इथं होती, ती 2013 नंतर गेली आणि 2014 पासून यँकीज आले. आमचे सीनियर अजून त्याबद्दल बोलताना हातातलं काम थांबवतात. हाय आयलंडच्या त्याच टॉवरवरनं 880 नंबरचं न्यूज स्टेशनही चालायचं, 57 वर्षं बातम्या देऊन 2024 च्या ऑगस्टमधे बंद झालं, आणि तिथंही आता स्पोर्ट्स. मला बातम्यांचं वाईट वाटलं. एएम ऐकणारेही कमी होत चाललेत, नवी पोरं मोबाईलवर पॉडकास्ट ऐकतात. माझी गाडी जुनी आहे, तिचा एएम चांगला पकडतो, खाली पुलाखाली गेलं की खरखर येते आणि बाहेर आलं की माणूस वाक्याच्या मधनंच परत बोलायला लागतो. ही गाडी विकणार नाही म्हटलंय मी.

आता एक काम. लीग चालू आहे ना शाहू स्टेडियमला? ह्या नाहीतर पुढच्या रविवारी गेलात की मॅच संपल्यावर तिकटीला थांबा आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून शर्टाच्या खिशात ठेवा, छोटूला सांगा तो चालू करून देईल, आणि अर्धा तास तसंच राहू द्या. मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मी गाडीत लावीन. मेसेज मी सदाकाकांनाही केलाय, ते हो म्हणालेत. दोघांचा आवाज यायला हवा.

आई, थंडी खूप आहे पण तू दिलेला स्वेटर लॅबकोटाच्या आत घालते. मेतकूट संपलं.

तुमची,
मनू